डॉट इन नाव घेताय? किंमत कुठून येते आणि नाव कोणाच्या ताब्यात राहतं, ते आधी बघा

दुकान असो, बचतगट असो, गृहनिर्माण संस्था असो की ट्रेकिंगचा ग्रुप, वेबसाइट काढायची ठरली की पहिला खर्च येतो तो तिच्या इंटरनेटवरच्या नावाचा, म्हणजे डोमेनचा. रक्कम हजाराच्या आतबाहेर असते, त्यामुळे कोणी फार विचार करत नाही. "तो वेबसाइटवाला बघेल" म्हणून विषय संपतो. मी लहान उद्योगांची आणि संस्थांची नावं नोंदवून देते, त्यांचं नूतनीकरण सांभाळते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ या एका वाक्यात असतं. नाव स्वस्तात मिळालं पण दुसऱ्या वर्षी बिल तिप्पट-चौपट आलं, नाव दुसऱ्याच्याच नावावर निघालं, मुदत संपली आणि कळलंच नाही. तिन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी नाव विकत घेण्याआधी तासभर खर्च करायची तयारी ठेवा.

पुढचे टप्पे डॉट इन आणि डॉट भारत या भारताच्या राष्ट्रीय नावांबद्दल आहेत. परदेशातल्या मराठी मंडळांसाठी दुसऱ्या टप्प्यात थोडं वेगळं लिहिलं आहे.

## १. आधी साखळी समजून घ्या

तुम्ही ज्याला पैसे देता, तो नावाचा मालक नसतो. वरपासून खाली साखळी अशी आहे.

प्रत्येक देशाला दोन अक्षरी शेपूट, म्हणजे नावातला शेवटच्या टिंबानंतरचा भाग, मिळतं. देशांच्या दोन अक्षरी संकेतांची जी आंतरराष्ट्रीय यादी आहे, त्यातून ते येतं. भारताचं 'इन' मे १९८९ मध्ये सोपवलं गेलं. जगाच्या मूळ नोंदवहीत हे शेपूट कोणाकडे आहे, हे आयाना ही जागतिक नोंदी सांभाळणारी यंत्रणा लिहून ठेवते. पण त्या शेपटाखाली कोणाला नाव द्यायचं, कितीला द्यायचं, वाद कसा सोडवायचा, हे तो तो देश ठरवतो. आयकॅन, म्हणजे जगभरच्या नावांचा समन्वय करणारी संस्था, डॉट इनची किंमत ठरवत नाही, आणि डॉट इनबद्दलची तक्रार तिकडे करून उपयोगही होत नाही.

सुरुवातीला हे काम मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होतं. तेव्हा नियम इतके कडक होते की १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७ हजार नावं नोंदली गेली. १ जानेवारी २००५ पासून कारभार बदलला. निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, या ना-नफा कंपनीने इनरजिस्ट्री ही डॉट इनची नोंदणी यंत्रणा सुरू केली. त्या जानेवारीत आधी ट्रेडमार्कधारकांना संधी दिली आणि १६ फेब्रुवारी २००५ पासून सगळ्यांना दार उघडलं. निक्सी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. म्हणजे धोरण सरकारी छत्राखाली ठरतं, विक्री खासगी कंपन्या करतात.

निक्सी स्वतः तुम्हाला नाव विकत नाही. ती रजिस्ट्रार, म्हणजे मान्यताप्राप्त विक्रेते, नेमते, रजिस्ट्रार तुम्हाला विकतो. कित्येकदा मध्ये आणखी एक रिसेलर, म्हणजे उपविक्रेता, असतो, आणि त्याच्याही खाली तुमचा वेबसाइटवाला. शिवाय संगणकांची यंत्रणा चालवायचं काम निक्सी निविदा काढून बाहेरच्या तांत्रिक कंपनीला देते. ही कंपनी २००५ पासून बदलत आली आहे. ती बदलली तरी तुमच्या नावाचा हक्क बदलत नाही, त्यामुळे अशा बातम्यांनी घाबरून जायचं कारण नाही.

## २. कोणतं शेपूट घ्यायचं ते ठरवा

सर्वसामान्यांसाठी खुली शेपटं बरीच आहेत. डॉट इन, डॉट को डॉट इन, डॉट नेट डॉट इन, डॉट ऑर्ग डॉट इन, डॉट फर्म डॉट इन, डॉट जेन डॉट इन, डॉट इंड डॉट इन ही जुनी. नंतर एआय डॉट इन, आयओ डॉट इन, कॉम डॉट इन अशी आणखी बरीच आली. माझं मत सरळ आहे. आधी साधं डॉट इन बघा. ते गेलं असेल तर को डॉट इन. संस्थेसाठी ऑर्ग डॉट इन शोभतं. बाकीच्या शेपटांच्या नादी लागू नका. फोनवर सांगताना समोरच्याला एका दमात कळलं नाही, तर ते नाव धंद्याला उपयोगाचं नाही.

एक काळजी घ्या. ऑर्ग डॉट इन लावलं म्हणून कोणी धर्मादाय संस्था ठरत नाही. ते घेताना संस्था धर्मादाय आहे का, हे कोणी तपासत नाही. देणगी देणाऱ्यांनाही हे सांगत जा.

काही शेपटं राखीव आहेत, आणि त्यांचं दार वेगळं आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा सरकारी कार्यालय असेल तर गव्ह डॉट इन घ्यायचं. ते एनआयसी म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून मिळतं, बाजारातल्या रजिस्ट्रारकडून नाही. मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालयांसाठीची एसी डॉट इन आणि एज्यु डॉट इन आणि संशोधन संस्थांसाठीचं रेस डॉट इन अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडून. बँकांसाठी तर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँक डॉट इन जाहीर केलं. नोंदणीचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेकडे दिलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही स्थलांतराची मुदत घातली. या राखीव शेपटांचा ग्राहक म्हणून आपल्यालाही फायदा आहे. बँकेच्या नावाने आलेल्या लिंकमध्ये वेबसाइटच्या नावाचा शेवट (त्यानंतरच्या तिरप्या रेषेच्या आधी) बँक डॉट इन आहे का, एवढं बघितलं तरी बऱ्याच फसव्या लिंका ओळखू येतात. लिंकमध्ये मधेच कुठेतरी 'बँक' शब्द आहे, याला काही अर्थ नाही, नावाचा शेवटच बघायचा.

परदेशातल्या वाचकांसाठी. डॉट इन घ्यायला भारतात राहायची अट नाही, टोरांटोच्या मंडळालाही ते मिळतं. इतर देशांचं तसं नाही. कॅनडाच्या डॉट सीएला कॅनडाशी, ऑस्ट्रेलियाच्या डॉट एयूला ऑस्ट्रेलियाशी, अमेरिकेच्या डॉट यूएसला अमेरिकेशी संबंध दाखवावा लागतो. आणि हा संबंध तुटला तर नावही जाऊ शकतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या पात्र न राहिलेल्या लोकांची आणि कंपन्यांची डॉट ईयू नावं १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली आणि पुढे काढूनच घेतली गेली. वर्षानुवर्षं वापरात असलेली नावं होती ती.

हाच विचार डॉट एआय आणि डॉट आयओबद्दलही करा. ही तंत्रज्ञानाची शेपटं वाटतात, पण डॉट एआय हे अँग्विला या कॅरिबियन बेटाचं आहे आणि ते किमान दोन वर्षांसाठीच मिळतं, म्हणून बिल दुप्पट दिसतं. डॉट आयओ ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचं आहे. तिथल्या चागोस बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसकडे सोपवण्याचा करार मे २०२५ मध्ये झाला. देशाचं शेपूट घेतलं की त्या देशाचं राजकारणही सोबत येतं.

## ३. मराठी अक्षरांत नाव हवं असेल तर

देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालं. हे धोरण आखण्यात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतल्या जिस्ट या भाषा-तंत्रज्ञान गटाचा वाटा आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पुढे बाकीच्या लिप्याही आल्या. मराठी नाव अवश्य घ्या, पण तीन गोष्टी माहीत असू द्या.

पहिली, देवनागरीत आठ भाषांची नावं एकाच रांगेत उभी आहेत. मराठी, कोकणी, हिंदी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी, सिंधी. 'कविता' किंवा 'भोजन' असा शब्द कोणत्याही भाषेच्या माणसाने आधी घेतला की संपलं. अस्सल मराठी किंवा कोकणी शब्द निवडला तर मिळायची शक्यता जास्त. भारतम् आणि भारोत ही शेपटं वेगळी आहेत, घाईत भलतंच टोपलीत, म्हणजे विक्रेत्याच्या वेबसाइटवरच्या खरेदी यादीत, टाकू नका.

दुसरी, टंकलेखन. यंत्रणेच्या आत देवनागरी नाव 'एक्सएन'ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या ओळीत बदललं जातं. पडद्यावर सारखं दिसणारं पण वेगळ्या रीतीने टंकलेलं अक्षर आत वेगळं ठरतं. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' ही जोडाक्षरं इथे त्रास देतात. एक कीबोर्ड ती नुक्तावाला ऱ वापरून बनवतो, दुसरा साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. 'न्याहारी' घ्यायला हरकत नाही, 'गावऱ्हाट' घेण्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या मोबाइलवर टंकून बघा. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. 'रुची' आणि 'रूची' ही दोन नावं आहेत. लोक दोन्ही टंकणार, म्हणून परवडलं तर दोन्ही घ्या.

तिसरी, ईमेल. देवनागरी पत्त्याचा ईमेल अजून कित्येक अर्जांत आणि अ‍ॅपमध्ये 'चुकीचा पत्ता' म्हणून परत येतो. म्हणून मराठी नाव फलकावर, पाकिटावर, पत्रिकेवर वापरा आणि त्याच्या जोडीला रोमन अक्षरांतलं एक डॉट इन ठेवा. दोन्ही एकाच वेबसाइटकडे वळवता येतात.

## ४. किंमत वाचायला शिका

इथे जरा थांबून वाचा, कारण पैसे इथेच जातात.

किमतीचे थर असे असतात. निक्सी रजिस्ट्रारकडून दर नावामागे दर वर्षाला घाऊक शुल्क घेते. त्यावर रजिस्ट्रारचा नफा, त्यावर रिसेलर असेल तर त्याचा नफा, आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. घाऊक शुल्क निक्सी ठरवते, किरकोळ भाव बाजार. तुमच्याकडून जास्तीत जास्त किती घ्यायचे, याची मर्यादा रजिस्ट्रारवर नाही. म्हणूनच एकच डॉट इन नाव एका ठिकाणी दुसऱ्यापेक्षा दुपटीने महाग दिसू शकतं, आणि दोन्हीकडे मिळणारी वस्तू अगदी तीच असते. महाग नाव जास्त 'वेगाने चालतं' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

डॉट कॉमशी तुलना केली की फरक कळतो. त्याचा घाऊक दर व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी घेते, वाढ किती करायची ते आयकॅन आणि अमेरिकी सरकारशी असलेल्या करारांत बांधलेलं आहे. सप्टेंबर २०२४ पासून तो १०.२६ डॉलर झाला. रुपया घसरला की आपल्याला डॉट कॉम आपोआप महाग पडतं. डॉट इनचा कारभार इथलाच असल्याने दराचा निर्णयही इथेच होतो.

आता सापळा. मोठ्या अक्षरांत लिहिलेला भाव पहिल्या वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षापासूनचा भाव खाली बारीक अक्षरांत, किंवा टोपलीत गेल्यावर दिसतो. उदाहरण म्हणून दोन विक्रेते घेऊ. एकाकडे पहिलं वर्ष १९९ रुपये, नंतर दरवर्षी ८९९. दुसऱ्याकडे पहिलं वर्ष ६४९, नंतर ६९९. पाच वर्षांचा हिशोब करा. पहिल्याकडे ३,७९५ रुपये, दुसऱ्याकडे ३,४४५. जीएसटी धरून ४,४७८ आणि ४,०६५. स्वस्त दिसलेलं नाव चारशे रुपयांनी महाग पडलं. नाव आपण पाच-दहा वर्षं ठेवणार असतो, त्यामुळे तुलना नेहमी पाच वर्षांची करायची.

डॉट इन १ ते १० वर्षांसाठी नोंदवता येतं. एकरकमी पाच वर्षं भरली तर मधल्या दरवाढीचा त्रास नाही. पण पैसे भरल्यावर नोंदीतली शेवटची तारीख खरोखर पाच वर्षं पुढे गेली आहे का, ते त्याच दिवशी तपासा. पाच वर्षांचे पैसे घेऊन एकाच वर्षाची नोंदणी करणारे रिसेलर मी पाहिले आहेत. बाकी रक्कम त्यांच्याकडे राहते, आणि मधेच त्यांनी दुकान बंद केलं तर तुमची चार वर्षं बुडतात. ही तपासणी कशी करायची ते सातव्या टप्प्यात आहे.

टोपलीत आपोआप आलेल्या गोष्टींवरची खूण काढून टाका. होस्टिंगची (वेबसाइट ठेवायच्या जागेची) चाचणी, वेबसाइट बनवायचं साधन, 'सुरक्षा पॅक' यातलं काही नाव नोंदवायला लागत नाही. 'माहिती गोपनीय ठेवा' या नावाने पैसे मागत असतील तर अजिबात देऊ नका. डॉट इनमध्ये दुसऱ्याच्या नावाआड लपून नोंदणी करायला परवानगीच नाही.

धंद्याचा जीएसटी क्रमांक असेल तर बिलावर तो घालून घ्या, भरलेल्या कराची वजावट मिळते. आणि फुकटच्या नावांपासून दूर राहा. टोकेलाऊ या पॅसिफिक बेटांचं डॉट टीके वर्षानुवर्षं फुकट वाटलं जात होतं. फसवणूक करणाऱ्यांनी ते इतकं वापरलं की ते वाटणारी कंपनी न्यायालयात खेचली गेली आणि २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबली.

## ५. विक्रेता निवडा

निक्सीने मान्यता दिलेल्या रजिस्ट्रारांची यादी रजिस्ट्री डॉट इन या अधिकृत संकेतस्थळावर आहे. त्यातलाच घ्या. मग तीन प्रश्न विचारा: नूतनीकरणाचा आजचा भाव किती, नाव दुसरीकडे न्यायचं झालं तर त्यासाठी लागणारा गुप्त कोड मीच पॅनलमधून, म्हणजे तुमच्याकडच्या माझ्या ऑनलाइन खात्यातून, काढू शकतो का, आणि मुदत संपल्यावर सोडवून घ्यायचं शुल्क किती. उत्तर सरळ मिळालं नाही तर दुसरा बघा.

## ६. कागदपत्रं गोळा करा

नोंदणीदाराची ओळख पडताळण्यावर आता बराच भर आहे. पडताळणी अपुरी राहिली तर चालू नावही थांबवलं जाऊ शकतं. हाताशी ठेवा:

- व्यक्तीच्या नावावर घ्यायचं असेल तर आधार किंवा पॅन, आणि आधारला जोडलेला मोबाइल जवळ
- धंद्यासाठी जीएसटी किंवा उद्यम प्रमाणपत्र, कंपनी असेल तर तिचा नोंदणी दाखला
- संस्था, मंडळ, बचतगट असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि कोणाला अधिकार दिला आहे तो ठराव
- ब्रँडचं नाव असेल तर ट्रेडमार्कचा अर्ज क्रमांक. नोंदणीला लागत नाही, वाद झाला तर लागतो
- एक स्वतंत्र ईमेल, जो याच नावावर चालणारा नसेल

शेवटचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, म्हणून उलगडून सांगते. मसाल्याच्या धंद्याचं नाव घेतलं आणि संपर्क म्हणून त्याच नावावरचा ईमेल दिला. मुदत संपली की नाव बंद, नाव बंद की ईमेल बंद, आणि मुदतीच्या सूचना त्याच ईमेलवर येणार. आठवण देणारं पत्रच पोचत नाही.

अर्जावरचं नाव आणि कागदावरचं नाव अक्षरशः जुळू द्या. आधारवर वडिलांचं नाव मधे असेल तर अर्जातही घाला.

## ७. नाव तुमच्याच नावावर नोंदवा, आणि नोंद वाचा

सातारा जिल्ह्यातल्या एका महिला बचतगटाने चटण्या-मसाल्यांसाठी वेबसाइट करून घेतली. चार वर्षांनी त्यांना दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं होतं. माझ्याकडे आल्या तेव्हा मी पहिल्यांदा नोंद उघडली. संस्थेच्या रकान्यात गटाचं नावच नव्हतं, वेबसाइट बनवणाऱ्याच्या फर्मचं होतं. पैसे दरवर्षी गटाने भरले होते, बँकेच्या नोंदी होत्या, तरीही यंत्रणेच्या दृष्टीने नाव त्या फर्मचं. त्याने सोडायला जी रक्कम मागितली ती गटाला परवडणारी नव्हती. शेवटी को डॉट इन घेतलं आणि छापलेल्या सगळ्या पिशव्यांवर नवं लेबल चिकटवलं. तायांनी ते काम रात्री जागून केलं, आणि यात त्यांची काहीही चूक नव्हती. नोंद बघायची असते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

ही नोंद म्हणजे तुमच्या नावाचा सातबारा. तिला हूइज म्हणतात, रजिस्ट्री डॉट इनवर नाव टाकलं की फुकट दिसते. त्यात हे बघा.

नोंदणीदार: माणसाचं नाव, पत्ता, मोबाइल सार्वजनिक पानावर झाकलेलं असतं. संस्थेचं नाव, राज्य आणि देश सहसा दिसतो. म्हणून अर्ज भरताना संस्थेचा रकाना रिकामा सोडू नका. तिथे दुकानाचं, गटाचं, मंडळाचं नाव लिहा. पुढे कोणीही पाहिलं तरी नाव कोणाचं ते दिसेल. राज्याच्या रकान्यात महाराष्ट्राऐवजी भलतंच राज्य आलं असेल तर लगेच चौकशी करा.

रजिस्ट्रार: तुम्ही ज्याला पैसे दिले तोच आहे का? नसेल तर मध्ये रिसेलर आहे. खऱ्या रजिस्ट्रारचं नाव इथूनच कळतं, ते लिहून ठेवा. रिसेलर गायब झाला तर तोच तुमचा आधार.

तारखा: नोंदणीची, शेवटच्या बदलाची आणि मुदतीची. पाच वर्षांचे पैसे भरले असतील तर मुदतीची तारीख ते सांगेल.

स्थिती: 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' दिसलं तर घाबरू नका, नाव परस्पर दुसरीकडे जाऊ नये म्हणून लावलेलं ते कुलूप आहे आणि ते असलेलंच चांगलं. 'सर्व्हर होल्ड' किंवा 'क्लायंट होल्ड' दिसलं तर नाव थांबवलं आहे. पडताळणी राहिली असेल, कोणाची तक्रार असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल. रजिस्ट्रारला लगेच फोन करा. 'रिडेम्पशन पिरियड' म्हणजे मुदत गेली, अजून सुटेल पण महागात. 'पेंडिंग डिलीट' म्हणजे आता काही करता येत नाही.

वेबसाइटवाल्याला काम देताना एवढं करा: रजिस्ट्रारकडे खातं तुमच्या ईमेल-मोबाइलने तुम्हीच उघडा, पैसे तुमच्या कार्डाने किंवा यूपीआयने भरा, आणि त्याला फक्त नेमसर्व्हर, म्हणजे नाव कुठल्या संगणकाकडे वळवायचं ते सांगणाऱ्या नोंदी, बदलायला लावा. तुमचा पासवर्ड त्याला कायमचा लागत नाही. संस्थेत अध्यक्ष बदलले की खात्याचा ताबा देण्याचा ठराव घ्या, जसा बँकेच्या सह्यांचा घेता.

## ८. मुदत सांभाळा

नाव विकत मिळत नाही, मुदतीने मिळतं. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, पण त्यावर विसंबू नका. कार्डची मुदत संपते, बँक आपोआप होणारं पेमेंट अडवते. मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण दोन माणसांच्या मोबाइलमध्ये लावा.

मुदत संपल्यावर बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या भावात नूतनीकरण करू देतात. किती दिवस, ते प्रत्येकाचं वेगळं. त्यानंतर साधारण ३० दिवसांचा सोडवून घ्यायचा काळ, त्यात नेहमीच्या भावाच्या कित्येक पट शुल्क. मग पाचएक दिवसांत नाव खुलं होतं, आणि चांगल्या नावांवर टपून बसलेले लोक ते सेकंदात उचलतात.

याच सुमारास फसवी पत्रं येतात. 'तुमचं नाव आज बंद होणार, इथे पैसे भरा' असा ईमेल किंवा एसएमएस आला तर त्यातल्या लिंकवर जाऊ नका. ब्राउझरमध्ये रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः टाका, पॅनलमध्ये तारीख बघा. दुसरा प्रकार म्हणजे परदेशातली 'नोंदणी संस्था' कळवते, की कोणी तुमचं ब्रँड नाव चीनच्या शेपटाखाली घेतंय, तुम्ही आधी घ्या. उत्तर देऊ नका. तिकडे धंदा करायचा नसेल तर ते नाव तुम्हाला नको आहे.

## ९. पटलं नाही तर रजिस्ट्रार बदला

नाव घेतल्यावर पहिले ६० दिवस दुसरीकडे नेता येत नाही. नंतर कुलूप काढा, गुप्त कोड घ्या, नव्या रजिस्ट्रारकडे तो द्या आणि एका वर्षाचे पैसे भरा. ते वर्ष तुमच्या मुदतीत मिळवलं जातं, त्यामुळे नुकसान नाही. मुदत संपायच्या आठवड्यात हे करू नका, निदान महिना हातात ठेवा. वेबसाइट बंद पडू नये म्हणून आधी नेमसर्व्हर आणि ईमेलच्या नोंदींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण जुन्या विक्रेत्याचे नेमसर्व्हर वापरत असाल तर नाव हलल्यावर ते बंद होऊ शकतात.

## १०. तुमचं नाव दुसऱ्याने घेतलं असेल तर

नावावरून भांडण हा नवा प्रकार नाही. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात रेडिफ या संकेतस्थळाच्या कंपनीने 'रॅडिफ' नावाच्या संकेतस्थळाविरुद्ध दाद मागितली आणि निकाल रेडिफच्या बाजूने लागला. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरच्या नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं, असं स्पष्ट केलं.

डॉट इनसाठी २००५ पासून स्वतंत्र वाटही आहे. तिला आयएनडीआरपी म्हणतात. तक्रार निक्सीकडे जाते, निक्सी आपल्या यादीतला एक लवाद नेमते, आणि काम १९९६ च्या लवाद कायद्याच्या चौकटीत चालतं. निवाडा साधारण ६० दिवसांत अपेक्षित असतो. तुम्हाला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. ते नाव तुमच्या चिन्हाशी सारखं किंवा गोंधळ होईल इतकं जवळचं आहे, समोरच्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवलं किंवा वाईट हेतूने वापरतोय. हा 'किंवा' महत्त्वाचा. डॉट कॉमच्या पद्धतीत नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूने झाल्याचं दाखवावं लागतं, इथे एक पुरतं.

मिळतं काय? नाव रद्द होतं किंवा तुमच्याकडे वळवलं जातं. झालेल्या धंद्याच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर न्यायालयातच जावं लागतं. शुल्क लहान धंद्याला जाणवण्याइतकं असतं, वर वकिलाचा खर्च. म्हणून आधी पुरावा मोजा: ट्रेडमार्क आहे का, जुनी बिलं, जाहिराती, खाद्यपदार्थांच्या एफएसएसएआय परवान्यावर तेच नाव आहे का, समोरच्याने विकायची तयारी दाखवलेला ईमेल आहे का. त्याला तुम्ही स्वतः फोन करून भाव विचारण्याआधी वकिलाशी बोला. तसंच समोरचा माणूस त्याच आडनावाने प्रामाणिकपणे धंदा करत असेल, तर ते नाव तुमच्याकडे येणार नाही. जोशी, पाटील, नाईक यांची दुकानं गावोगाव आहेत.

आधीचे निवाडे निक्सी आपल्या संकेतस्थळावर ठेवते. तक्रार करायच्या आधी तुमच्यासारख्या धंद्याचे चार-पाच तरी वाचा. लवादाने कोणता पुरावा मानला आणि कोणता बाजूला ठेवला, ते त्यात परिच्छेदवार लिहिलेलं असतं.